दोघांच्या आयुष्याचा हिशेब

(बेळगोळ येथे मराठी भाषक खातेदारांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बेळगोळात बसून बचतीबद्दल बोलायचे तर उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. कृष्णराजसागर धरण इथून हाकेच्या अंतरावर आहे. पावसाळ्यातले पाणी अडवायचे आणि उन्हाळ्यात सोडायचे, हे त्याचे काम. या धरणाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते विश्वेश्वरय्या इंजिनियर झाले पुण्यात, आणि नोकरीची बरीच वर्षे त्यांनी मुंबई इलाख्यात काढली. पुढे ते म्हैसूरचे दिवाण असताना, 1913 साली, म्हैसूर बँक सुरू झाली. 1962 साली ते गेले तेव्हा त्यांनी वयाची शंभरी ओलांडली होती. त्याच वर्षी आपले महर्षी धोंडो केशव कर्वे गेले, 104 वर्षांचे होऊन.

त्या काळात एवढे आयुष्य म्हणजे नवल होते. आज तुमच्या गल्लीत, तुमच्या नात्यात पंचाऐंशी-नव्वदीचे कोणी ना कोणी असेल. ही आनंदाची गोष्ट आहे. पण लांबलेल्या आयुष्याचे बिलही लांबते. ते कोण भरणार, आणि कुणाच्या वाट्याचे पैसे त्यात जाणार, याबद्दल आज बोलायचे आहे.

आपण किती जगतो?

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातले सरासरी आयुर्मान साधारण 32 वर्षे होते. 1970 ते 75 च्या सुमारास ते 50 च्या आसपास आले. 2016 ते 2020 या काळाच्या सरकारी आकड्यांत ते 70 वर्षे आहे.

हा आकडा ऐकून पुष्कळ जण म्हणतात, "सरासरी सत्तर ना? मी साठचा झालो. दहा वर्षांची सोय केली की झाले." इथेच हिशेब चुकतो. सत्तर ही जन्मलेल्या बाळाची सरासरी आहे. लहानपणी आणि तरुणपणी दगावलेलेही तिच्यात मोजलेले असतात. पूर्वीची सरासरी 32 होती याचा अर्थ लोक बत्तिशीत म्हातारे होत असा नव्हे; लहान मुले फार दगावत, म्हणून ती इतकी खाली होती. जो माणूस साठीला पोचला, तो या सगळ्यातून पार पडलेला असतो. भारतात साठीच्या माणसापुढे सरासरीने आणखी सुमारे 18 वर्षे असतात. बायकांपुढे पुरुषांपेक्षा थोडी जास्तच.

आणि सरासरी म्हणजे काय? काही त्याआधी जातात, काही त्यापुढे जगतात. अठ्ठ्याहत्तर ही सरासरी असेल तर अनेक जण पंचाऐंशी गाठणार, काही नव्वद. म्हणून पैशाची सोय अठ्ठ्याहत्तरपर्यंत करून भागत नाही. नव्वद वर्षे धरून चला. पैसे उरले तर मुलांना मिळतील. पैसे संपले आणि आयुष्य उरले, तर त्याला उपाय सापडत नाही.

खर्च तीन तऱ्हांचा

म्हातारपणाचा दवाखान्याचा खर्च एकच समजू नका. तो तीन वेगळ्या तऱ्हांचा असतो, आणि प्रत्येकाची सोय वेगळी करावी लागते.

पहिला, महिन्याच्या औषधांचा. रक्तदाब, साखर, थायरॉइड, सांधे. 2017-18 मध्ये वयस्कर भारतीयांची मोठी सरकारी पाहणी झाली. तिच्यात साठीपुढच्या चारांपैकी तिघांना एक तरी जुनाट आजार आढळला. म्हणजे हा खर्च जवळपास प्रत्येक घराला आहे. तो दिसायला लहान असतो, पण थांबत नाही आणि वाढत जातो.

वाढतो कसा, ते पाहा. 72 ला वाढीच्या टक्क्याने भागले की रक्कम दुप्पट व्हायला किती वर्षे लागतात ते कळते. समजा, औषधांचा खर्च वर्षाला 8 टक्क्यांनी वाढला. 72 भागिले 8, म्हणजे 9 वर्षांत दुप्पट. साठाव्या वर्षी महिना 3,000 रुपये लागत असतील तर एकोणसत्तराव्या वर्षी 6,000, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी 12,000, आणि सत्याऐंशीला 24,000. गोळ्या त्याच, रक्कम आठपट. आता शेजारी तुमचे पेन्शन ठेवा. अटल पेन्शन योजनेत साठीनंतर महिना 1,000 ते 5,000 रुपये मिळतात, पण जी रक्कम ठरली ती पुढे वाढत नाही. कारखान्याच्या भविष्यनिर्वाह निधीवरचे पेन्शनही महागाईबरोबर वाढत नाही. त्याची किमान रक्कम 2014 पासून 1,000 रुपये आहे.

दुसरा, इस्पितळात भरती होण्याचा. हा अचानक येतो आणि मोठा असतो. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत, बाळंतपण सोडून, एका भरतीचा सरासरी खर्च सरकारी इस्पितळात सुमारे 4,450 रुपये आणि खाजगीत सुमारे 31,850 रुपये होता. सगळ्या वयांची आणि काही वर्षांपूर्वीची ही सरासरी आहे. हृदयाची शस्त्रक्रिया किंवा कर्करोगाचे उपचार तिच्या कितीतरी पलीकडे जातात.

तिसरा, सांभाळाचा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उठवायला, बसवायला, भरवायला कोणीतरी लागते. बाई ठेवली तर पगार द्यावा लागतो. सून किंवा मुलगी घरी राहिली तर तिची कमाई थांबते. ही थांबलेली कमाई कुठल्याच बिलावर दिसत नाही, म्हणून आपण ती धरत नाही. पण घरातून पैसे गेलेले असतातच. आणि हा खर्च विमा बहुधा देत नाही.

जगणे महाग पडते का?

हा प्रश्न विचारायला वाईट वाटतो, पण सरकारांना तो विचारावा लागतो. एखाद्या उपचारावर खर्च करावा की नाही, हे ठरवताना अर्थतज्ज्ञ त्याचा खर्च आणि त्यातून मिळणारी निरोगी वर्षे समोरासमोर मांडतात. आपल्याकडेही केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागात अशी मोजणी करणारी व्यवस्था आहे.

मोजणीत एक पेच येतो. समजा, रक्तदाबाच्या गोळीने एका माणसाचा साठीतला झटका टळला. तो ऐंशीपर्यंत जगला. त्या वाढलेल्या वीस वर्षांत त्याचा मोतीबिंदू निघाला, गुडघा बदलला, साखरेची औषधे लागली. हा सगळा खर्च त्या गोळीच्या नावावर लिहायचा का? काही तज्ज्ञ म्हणतात लिहा, कारण तो जगला नसता तर हा खर्च झालाच नसता. काही म्हणतात, मोतीबिंदूचा आणि त्या गोळीचा संबंध काय?

1997 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी तंबाखूचा असाच हिशेब मांडला. कुठलेही एक वय घेतले तर विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा दवाखान्याचा खर्च न ओढणाऱ्यांपेक्षा जास्त, काही वयांत 40 टक्क्यांपर्यंत जास्त. पण देशात कुणीच ओढत नसते, तर लोक जास्त जगले असते आणि देशाचा एकूण खर्च पुरुषांच्या बाबतीत 7 टक्के आणि स्त्रियांच्या बाबतीत 4 टक्के वाढला असता. यावरून कुणी तंबाखू ओढा असे सांगितले नाही. आरोग्याचा उद्देश माणसे जगावीत हा आहे. खर्च वाचवणे त्यानंतर येते. फक्त जगण्याचा खर्च आधी कळलेला बरा.

दोन वर्षांनी, 1999 मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या माहितीवरून दुसरी गोष्ट पुढे आली. म्हातारपणी खर्च वाढतो तो वाढदिवसांमुळे फारसा नाही. मृत्यू जवळ आला की वाढतो. शेवटच्या वर्ष-दोन वर्षांत खर्चाचा ढीग लागतो, मग ती वर्षे सत्तरीत येवोत की नव्वदीत.

या दोन्ही गोष्टी तुमच्या घराला लागू आहेत. पहिली सांगते की जास्त जगणे म्हणजे जास्त वर्षांचा खर्च. दुसरी सांगते की सगळ्यात मोठा खर्च शेवटी, एकदम येतो. आता या दोन्ही एकत्र ठेवून नवरा-बायकोचा हिशेब करू.

पहिल्याच्या आजारात दुसरीचे पैसे

आपल्यापैकी बरीच कुटुंबे विटा, खानापूर, आटपाडी भागातून गलाईच्या कामासाठी दक्षिणेत आलेली आहेत. काही इथल्या कारखान्यांत आहेत, काही पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात. घरे वेगळी, पण एक गोष्ट बहुतेक घरांत सारखी आहे. नवरा बायकोपेक्षा चार-सहा वर्षांनी मोठा, आणि बायकांचे आयुष्य सरासरीने जास्त. म्हणजे नवऱ्यामागे बायकोची आठ-दहा वर्षे एकटीची असण्याची शक्यता मोठी.

समजा, एक जोडपे. नवरा 66, बायको 60. आयुष्यभराची शिल्लक 12 लाख. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 8.2 टक्क्यांनी ठेवली तर वर्षाला 98,400, म्हणजे महिना 8,200 रुपये व्याज. काटकसरीने घर चालते.

नवरा 73 वर्षांचा असताना मोठे आजारपण आले. दोन भरत्या, अतिदक्षता विभाग, घरी सांभाळणारी बाई. सव्वा वर्षात 8 लाख गेले आणि माणूसही गेला. राहिली 68 वर्षांची बायको आणि 4 लाख. त्याच दराने महिना सुमारे 2,730 रुपये. ती पंच्याऐंशीपर्यंत जगली तर सतरा वर्षे यात काढायची, आणि स्वतःचे आजारपण अजून यायचे आहे.

या घरात कुणी उधळपट्टी केली नाही. कुणी वाईट वागले नाही. इस्पितळाच्या दारात उभी राहून कुठली बायको म्हणेल, माझी ठेव मोडू नका? म्हणून हा निर्णय त्या दारात घ्यायचाच नसतो. तो आज, दोघेही धडधाकट असताना घ्यायचा, आणि तो नवऱ्याने पुढे होऊन घ्यायचा. म्हातारपणाच्या पैशाचा हिशेब एका माणसाचा नसतो, दोघांचा असतो. पहिल्याच्या शेवटच्या आजारात दुसरीची उरलेली वर्षे खर्ची पडू देऊ नका.

मग काय करावे?

एक. शिल्लकीचे तीन भाग करा आणि ते वहीत लिहा: घरखर्च आणि औषधे, आजारपण, आणि मागे राहणाऱ्याचा वाटा. हा तिसरा वाटा बायकोच्या नावावर, वेगळ्या खात्यात ठेवा. वरच्या उदाहरणात 12 लाखांपैकी 7 लाख असे बाजूला असते, तर तिला महिना सुमारे 4,780 रुपये राहिले असते. श्रीमंती नव्हे, पण 2,730 आणि 4,780 यांत औषधे घेणे आणि औषधे सोडणे एवढा फरक आहे.

दोन. मोठ्या आजाराचा भार ठेवीवर टाकू नका; तो विम्यावर आणि योजनांवर टाका. कारखान्यात कर्मचारी राज्य विमा असलेल्यांनी हे नीट ऐकावे. किमान पाच वर्षे विमाधारक राहून वयोमानाने निवृत्त झालात, तर वर्षाला 120 रुपये भरून स्वतःसाठी आणि पत्नीसाठी वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. महिन्याला 10 रुपये. निवृत्तीच्या कागदांबरोबर हा अर्जही मागून घ्या.

तीन. सहकारी संस्थेचे सभासद असाल तर यशस्विनी योजनेची चौकशी करा. 2003 मध्ये कर्नाटकात सहकारी सभासद शेतकऱ्यांसाठी ती वर्षाला 60 रुपयांत सुरू झाली. मध्यंतरी ती दुसऱ्या योजनेत मिसळली गेली, आणि नंतर पुन्हा सुरू झाली. नोंदणीच्या तारखा आणि सध्याची वर्गणी संस्थेत विचारा.

चार. आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्राने 70 वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांसाठी, उत्पन्न न बघता, ती खुली केल्याची घोषणा केली. पण योजना राज्य सरकारमार्फत चालते. तुमच्या जवळच्या इस्पितळात कुठले कार्ड चालते, हे आजार येण्याआधी प्रत्यक्ष जाऊन विचारा. आणि गावाहून आलेल्यांनो, रेशनकार्ड विट्याला आणि पोट म्हैसुरात अशी स्थिती असेल तर ती मिटवा. राज्याच्या योजना राज्याच्या कागदांवर चालतात. कुठल्या राज्याचे व्हायचे ते ठरवा, पण दोन्हीकडून सुटू नका.

पाच. खाजगी आरोग्य विमा घ्यायचा तर तब्येत चांगली असताना घ्या. आधीपासूनच्या आजारासाठी थांबण्याचा काळ 2024 पासून जास्तीत जास्त 36 महिने आहे. वय 65 च्या पुढे गेले म्हणून दार बंद, असा नियम आता राहिलेला नाही. 2025 मध्ये विमा नियामकाने सांगितले की ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीने आधी नियामकाशी बोलावे. त्याच वर्षी सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी काढला गेला. आजार लपवून अर्ज भरू नका. दावा तिथेच अडतो.

सहा. महिन्याच्या औषधांची चिठ्ठी घेऊन जनऔषधी दुकानात एकदा भाव विचारा. तेच औषध बिनब्रँडचे असेल तर निम्म्याहून कमी किमतीत मिळू शकते. बदल डॉक्टरांना विचारूनच करा. आणि गोळी स्वस्त झाली म्हणून विसरू नका. रक्तदाबाची चुकवलेली गोळी ही सगळ्यात महाग गोळी असते.

सात. पैसे कुठे आहेत ते बघा. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, माणशी प्रत्येक बँकेत 5 लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. म्हातारपणाचे सगळे पैसे एका ठिकाणी ठेवू नका, व्याज कितीही गोड वाटले तरी. प्रत्येक खात्याला नॉमिनी लावा, आणि ज्येष्ठ बचत योजनेचे खाते पती-पत्नीचे संयुक्त काढा.

आठ, आणि हे बोलायला सगळ्यात अवघड. शेवटच्या दिवसांत आपल्यावर कुठले उपचार व्हावेत आणि कुठले होऊ नयेत, हे आधी लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ही सोय मान्य केली आणि 2023 मध्ये तिची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही केलेला कागद पुरतो. यात पैसे वाचवण्याचा हेतू असण्याची गरज नाही. मुलांच्या मानेवरचे ओझे उतरते. "बाबांना काय हवे होते?" हा प्रश्न त्यांना बाहेरच्या बाकावर बसून सोडवावा लागत नाही.

देशात एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून जाणारा भाग 2013-14 मध्ये 64 टक्के होता, 2021-22 मध्ये 39 टक्क्यांवर आला. सुधारणा मोठी आहे. पण शंभरातले एकोणचाळीस रुपये तेव्हाही तुमच्या-आमच्या खिशातून जात होते.

तेव्हा या आठवड्यात एक काम करा. वहीचे एक पान घ्या. डावीकडे आपले वय, उजवीकडे जोडीदाराचे. दोघांच्या खाली नव्वदपर्यंतची वर्षे लिहा. मग घरात असलेली प्रत्येक ठेव, पेन्शन, विमा, कार्ड कुठल्या वर्षापर्यंत आणि कुणाला पुरेल, ते त्या त्या नावाखाली मांडा. बहुतेकांच्या वहीत उजवीकडची शेवटची वर्षे रिकामी राहतील. पुढची बचत तिथे भरायला सुरुवात करा, महिना दोनशे रुपयांनी का होईना. आणि हे पान एकट्याने लिहू नका. ज्यांच्या वर्षांचा हिशेब आहे, त्यांना शेजारी बसवून लिहा.